मागे राहिलेली प्रत

१) आजच्या थ्रेडमध्ये लढाया नाहीत, तह नाहीत, गडकिल्लेही नाहीत. विषय आहे हरवलेल्या प्रतींचा आणि त्या परत कशा मिळतात याचा. निमित्त माझ्याच एका फजितीचे. तिथून १९९८, २०११ आणि २०१७ या तीन थांब्यांवरून आपण शेवटी पुण्याच्या भांडारकर संस्थेत पोहोचणार आहोत. सवडीने वाचा.

२) प्रबंधासाठी मी मोडी पत्रांची छायाचित्रे जमवत होते. प्रत्येक पत्राचा रुमाल क्रमांक, तारीख, पाठवणारा, घेणारा अशी नोंद ठेवावी लागते. हे काम हाताने करणे जिकिरीचे, म्हणून एक ऑटोमेशन वर्कफ्लो रचला. छायाचित्र क्लाउडवरील फोल्डरमध्ये पडले, की फाइलला रुमालाचा क्रमांक लागे आणि तक्त्यात नवी ओळ उघडे. शुहूर सन लिहिला, की शेजारी इसवी सन उमटे.

३) शुहूर सनाची गोम अनेकांना ठाऊक असेल. हे वर्ष मृग नक्षत्राला पालटते. म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. शुहूर ११७४ म्हणजे कधी १७७३, तर कधी १७७४. महिना पुसट असला की पंचाईत. असे सारे नियम आणि अपवाद मी त्या वर्कफ्लोमध्ये एकेक करून घातले होते. वर्षभरात जे शिकले, ते तिथे साठले होते.

४) मग नवा लॅपटॉप आला. त्यावर जुने खाते जोडताना सिंकची गफलत झाली. नव्या यंत्रावरचा फोल्डर रिकामा होता आणि ते रिकामेपणच ताजी स्थिती म्हणून सर्वत्र पोहोचले. छायाचित्रे वेगळ्या हार्डडिस्कवर होती, ती वाचली. वर्कफ्लो मात्र गेला. मी तेव्हा दप्तरखान्यात बसून वहीत टिपणे काढत होते, त्यामुळे बरेच आठवडे काही कळलेच नाही. कळले तेव्हा क्लाउडच्या कचरापेटीची ३० दिवसांची मुदत उलटून गेली होती.

५) इथे एक मूलभूत भेद समजून घेऊ. सिंकचे काम सर्व प्रती एकसारख्या ठेवण्याचे. तुम्ही ओळ लिहिली तर ती सर्वत्र लिहिली जाते आणि पुसली तर सर्वत्र पुसली जाते. बॅकअपचे काम याच्या अगदी उलट असते. त्याने काल जे होते ते आज बदलले तरी तसेच जपायचे असते. सिंक आज्ञाधारक आहे. तुमची चूकही तो तितक्याच तत्परतेने पाळतो. हा भेद न कळल्याने भलेभले फसले आहेत.

६) पहिला थांबा १९९८. अमेरिकेतील पिक्सार या चित्रपटसंस्थेत 'टॉय स्टोरी २' तयार होत होता. कोणीतरी फाइली पुसण्याची आज्ञा चुकीच्या ठिकाणी दिली. तेथील तंत्रज्ञ ओरेन जेकब यांच्या डोळ्यांदेखत वुडी या पात्राच्या फाइली एकेक करून नाहीशा होऊ लागल्या. यंत्र बंद करेपर्यंत चित्रपटाचा सुमारे ९० टक्के भाग गेला होता. बॅकअप उघडून पाहिला, तर तोही नीट होत नसल्याचे उघड झाले.

७) चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन यांच्यामुळे. घरी तान्हे बाळ असल्याने त्या घरून काम करत आणि त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची एक प्रत होती. तो संगणक मोटारीत, पांघरुणात गुंडाळून, जपून स्टुडिओत आणण्यात आला. ती प्रत अगदी ताजी नव्हती. पण पुसण्याची आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हती आणि तेच तिचे बळ ठरले.

८) दुसरा थांबा फेब्रुवारी २०११. साठवणुकीच्या सॉफ्टवेअरमधील एका दोषामुळे जीमेलच्या काही वापरकर्त्यांच्या पेट्या एकाएकी रिकाम्या झाल्या. गूगलच्या हिशेबाने हे प्रमाण सुमारे ०.०२ टक्के होते. टपालाच्या प्रती एकाहून अधिक डेटा सेंटरमध्ये होत्या, पण दोषाने त्या साऱ्यांनाच गाठले. अखेर मजकूर परत मिळाला तो मॅग्नेटिक टेपवरून. जाळ्याला न जोडलेली ही जुनाट साठवण दोषाच्या आवाक्याबाहेर होती.

९) तिसरा थांबा आपल्या विषयाच्या अगदी जवळचा. गिटलॅब ही जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळणारी सेवा. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिच्या डेटाबेसवर अचानक ताण आला. मुख्य डेटाबेसशी सतत सिंक राहणारी दुय्यम प्रत मागे पडली, ती पुन्हा जुळेना. थकलेल्या अभियंत्याने ठरवले, की दुय्यम प्रत पुसून टाकावी आणि कोऱ्या पाटीवर पुन्हा सिंक सुरू करावे.

१०) आज्ञा दिली गेली, पण मुख्य सर्व्हरवर. एकदोन सेकंदांत चूक ध्यानी आली आणि हात थांबला. तोवर सुमारे ३०० जीबींपैकी ४.५ जीबी उरले होते. मग एकेक बॅकअप तपासला गेला. नियमित बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्याने कधीपासूनच अपयशी ठरत होता. त्या अपयशाचे इशारे देणारे ईमेलही नाकारले जात होते. डिस्कचे स्नॅपशॉट डेटाबेसच्या सर्व्हरसाठी सुरूच केलेले नव्हते.

११) तारले कोणी? साधारण सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने एका वेगळ्या चाचणीसाठी डेटाबेसचा एक स्नॅपशॉट हाताने घेतला होता. तो चाचणीच्या सर्व्हरवर पडून होता. तिथल्या डिस्क संथ. प्रत परत आणायलाच सुमारे १८ तास लागले. तरी सेवा उभी राहिली.

१२) पण या प्रतीत एक उणीव होती. चाचणीच्या सर्व्हरवर डेटा नेताना वेबहुक मुद्दाम काढून टाकले जात. वेबहुक म्हणजे एखादी घटना घडताच दुसऱ्या प्रणालीला आपोआप निरोप धाडणारी जोडणी. कितीतरी लोकांचे ऑटोमेशन वर्कफ्लो याच निरोपावर चालतात. म्हणजे डेटाबेस परतला, तरी कोणत्या घटनेनंतर काय घडायचे हे सांगणारी साखळी त्यात नव्हती. ती शेवटच्या टप्प्यात निराळी परत बसवावी लागली.

१३) मधल्या सहा तासांचे काय? ते गेले ते गेलेच. सुमारे ५,००० प्रकल्पांच्या नोंदी, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती बाधित झाली. गिटलॅबने हे लपवले नाही. पुनःस्थापनेचे काम थेट प्रक्षेपित केले, चुकांची नोंद सर्वांसाठी खुली ठेवली, आणि त्या अभियंत्याचे नाव जाहीर करून त्याला बळीचा बकराही केले नाही.

१४) आता तिन्ही प्रसंग शेजारी ठेवून पाहा. घरचा संगणक, कपाटातली टेप, चाचणीचा स्नॅपशॉट. यांतली एकही प्रत सर्वांत ताजी नव्हती. तिन्ही मागे राहिलेल्या होत्या, म्हणूनच चुकीपासून वाचल्या. प्रतींची संख्या कामी आली नाही. प्रतींमधले अंतर कामी आले.

१५) हे वाचताना मला पुण्यातील एक जुने काम आठवले. १९१९ साली भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचा संकल्प सोडला. १९२५ मध्ये ही धुरा विष्णु सीताराम सुकथनकर यांच्याकडे आली. प्रश्न असा होता, की देशभर शेकडो हस्तलिखिते आहेत आणि कोणतीही दोन तंतोतंत जुळत नाहीत. मग विश्वास कशावर ठेवायचा?

१६) सतराव्या शतकात काशीत नीलकंठ चतुर्धर यांनी अनेक प्रांतांतील पोथ्या जमवून आपला पाठ सिद्ध केला होता. या घराण्याचे मूळ आपल्याच गोदाकाठच्या कोपरगावचे. त्यांचा पाठ संग्राहक होता. जे जे चांगले सापडले, ते त्यात आले. अशा मिसळीने पोथी समृद्ध होते, पण कोणती ओळ कुठून आली याचा माग पुसट होतो. आदिपर्वासाठी सुकथनकरांना सर्वांत मोलाची वाटली ती काश्मीरची परंपरा. तिथला पाठ संक्षिप्त होता आणि शारदा लिपीतल्या त्या पोथ्या इतर प्रांतांपासून बऱ्याच अलग राहिल्या होत्या.

१७) केवळ अलग म्हणून मात्र त्यांनी ती प्रत डोळे मिटून स्वीकारली नाही. परस्परांशी संबंध न आलेल्या दोन परंपरांत जो पाठ एकसारखा मिळतो, तो मूळचा असण्याची शक्यता अधिक, ही त्यांची कसोटी. जिथे खात्री नव्हती तिथे त्या अक्षरांखाली नागमोडी रेघ छापली गेली. आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले, संपूर्ण मूळ संहिता १९६६ मध्ये. तोवर सुकथनकरांना जाऊन २३ वर्षे झाली होती. ती नागमोडी रेघ मात्र पुढेही कायम राहिली.

१८) आता माझ्या वर्कफ्लोची कथा पूर्ण करते. माझा जुना लॅपटॉप गावी कपाटात होता, चार महिने न उघडलेला. तो सुरू करण्याआधी घरातले वायफाय बंद केले. नेट मिळताच त्यानेही आज्ञाधारकपणे सारे पुसले असते! फोल्डर उघडला, आतली वर्कफ्लोची फाइल पेनड्राइव्हवर घेतली, आणि मगच श्वास सोडला.

१९) पण ती प्रत चार महिने जुनी. मधल्या काळात घातलेले नियम तिच्यात नव्हते. त्यासाठी दोन साधने हाती होती: मार्गदर्शकांना ईमेलने पाठवलेला तक्ता आणि माझी वही. तक्त्यातल्या उत्तरांवरून नियम उलटा शोधायचा आणि वहीतल्या टिपणाशी ताडून पाहायचा. दोन्ही जुळले तर नियम पक्का. एकच साक्षीदार असेल, तर त्या तारखेपुढे मी आता नागमोडी खूण करते. अशा १७ तारखा अजून आहेत. प्रबंधात त्या तशाच, खुणेसह छापल्या जातील.

२०) तुमच्यापैकी अनेकजण गावोगावचे शिलालेख, वीरगळ, घराण्यांची कागदपत्रे टिपता आणि सारे क्लाउडवर ठेवता. कृपया तीन गोष्टी करा. एक प्रत अशी ठेवा, जी जाळ्याला जोडलेली नाही. ती प्रत अधूनमधून प्रत्यक्ष उघडून पाहा. न उघडलेला बॅकअप ही केवळ आशा असते. आणि आपली कामाची पद्धत चार ओळींत कागदावर लिहून ठेवा, कारण छायाचित्र पुन्हा काढता येते, पण ते कसे वाचले हे पुन्हा आठवत नाही.

२१) फाइल हरपल्याचे दुःख असतेच. त्याहून मोठा धोका, हरपलेले अंदाजाने भरून ते मूळचेच आहे असे दाखवण्याचा. सिंकची चूक एक फोल्डर रिकामा करते. ही दुसरी चूक इतिहासच बिघडवते. म्हणून रेघ नागमोडी असली तरी चालेल, पण ती मारायला विसरू नका. बहुत काय लिहिणे. लेखनसीमा.