तारवट्यांच्या कुडीचे कूळ

एकट्याने प्रार्थना करण्यास ख्रिस्ती माणसाला कोणाचीच आडकाठी नाही. तरीही आगबोटीवरून मुंबईस उतरलेला गोव्याचा तारवटी, सोनापूरची इगर्जी (चर्च) हाकेच्या अंतरावर असताना, धोबीतलावावरच्या आपल्या गावच्या कुडीतच देवापुढे गुडघे का टेकी, याचा उलगडा माझ्या मते मुंबईत होत नसून गोव्यातील साष्टीच्या गावकारीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनीच्या व्यवस्थेच्या, दप्तरात होतो.

कूड म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून चालविलेले बिऱ्हाड. भिंतीलगत हारीने मांडलेल्या पेट्या, रात्री त्यांच्यामधल्या जमिनीवर अंथरलेल्या चटया, आणि एका बाजूस गावच्या पालक संताचे आल्तार. तेर्साची (जपमाळेच्या प्रार्थनेची) वेळ झाली की पत्त्यांचा डाव जागच्या जागी मोडून सर्वांनी आल्तारापुढे यावे, असा दंडक. गावी ज्या दिवशी फेस्त (संताचा सण), त्या दिवशी इकडेही फेस्त. बायकांना मात्र येथे वस्तीस मज्जाव.

नावावरून पुष्कळ तर्क लढविता येतात. मराठीत कूड म्हणजे कारवीची भिंत. कोंकणीत कूड म्हणजे खोली, आणि शरीरही. संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पत्रात श्रद्धावंतांच्या समुदायास ख्रिस्ताचे शरीर म्हटले असल्यामुळे, तारवट्यांनी तोच भाव मनात धरून हे नाव योजिले असे म्हणण्याचा मोह कोणासही होईल. पण खलाशांच्या बिऱ्हाडावर एवढे ब्रह्मज्ञान लादण्यास मी राजी नाही. मिस्सेत कोंकणी आली ती व्हॅटिकनच्या दुसऱ्या परिषदेनंतर, आणि तोवर कुडी जुन्या झाल्या होत्या; म्हणजे नाव पडले तेव्हा पौलाचे ते वचन मिस्सेत कोंकणीतून कानी पडत नव्हते. खोली हाच अर्थ पुरेसा आहे.

दुसरा पक्ष म्हणतो, की ही इंग्रजांच्या क्लबाची नक्कल. क्लब हे नाव कुडींस लागले, हे खरे. परंतु ज्यात प्रवेश गावावरून मिळतो आणि रोजची सामुदायिक प्रार्थना चुकविता येत नाही, असा क्लब इंग्रजांनी कोठे चालविला?

मूळ शोधायचे ते गावकारीतच. 1526 साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशिया याने गोव्याच्या गावकारांची जुनी वहिवाट सनदेत नोंदवून घेतली, तेव्हा जमीन गावाची सामाईक होती आणि ग्रामदेवतेचा खर्च तिच्या उत्पन्नातून निघे. पुढे देवळे पाडली गेली, देवस्थानांची उत्पन्ने इगर्जीकडे वळविली गेली; पण गावकार तेच राहिले. देव बदलला, मानपान बदलला नाही. पालखीपुढे मिरविणारे घराणे आता कॉन्फ्रारियेचे (इगर्जीच्या बंधुमंडळाचे) ओपा-मुर्सा हे झगे अंगावर चढवून फेस्ताच्या मिरवणुकीत चालू लागले, आणि कोणी कोठे उभे राहावे यावरून पूर्वीसारखेच तंटे होऊ लागले. अशा माणसाला ख्रिस्ती असणे आणि गावाचा असणे या दोन गोष्टी वेगळ्या ठाऊकच नव्हत्या. इगर्जीच्या बाकावर त्याची जागा आणि सामाईक शेतात त्याचा हिस्सा, दोन्ही एकाच हक्काने आलेली. कूड म्हणजे हीच गावकारी, शेत वजा करून.

या मतावर आक्षेप असा, की गावकारीचा हिस्सा पुरुषवंशाने मिळे, तर कुडीत बिगर-गावकारही राहत. आक्षेप रास्त आहे. पण मुंबईत वाटून घ्यायला भात नव्हते, भाडे होते. आणि भाडे वाटून घ्यायचे असते तेव्हा वंशावळीचा आग्रह फार दिवस टिकत नाही, असे मी धरून चालतो.

शिवाय मुंबईतील इगर्जींवर कोणाचा अधिकार, पोर्तुगालच्या राजाश्रयाचा (पाद्रुआदो) की रोमच्या धर्मप्रचार-संस्थेचा (प्रोपागांदा), हा झगडा शतकाहून अधिक काळ चालला होता. कोणत्या बिशपाच्या हाताखाली मिस्स ऐकावी या पंचाइतीत सापडलेल्या परगावच्या माणसास गावच्या संताचे आल्तारच निर्वेध वाटले असणार. पोर्तुगाल आणि रोम यांच्या 1928 च्या कराराने तो झगडा मिटला, तरी कुडी ओस पडल्या नाहीत, ही बाब माझ्या या शेवटच्या तर्कास अडचणीची आहे. परंतु तोवर तारवट्याला बोटीवरच्या दोन नोकऱ्यांमधले रिकामे महिने काढण्यास दुसरे स्वस्त ठिकाणही उरले नव्हते.