वाशी ते मांजरसुंबा : कमी हवेचा घटनाक्रम

(प्रसंग रचलेला आहे, रस्ता आणि आकड्यांमागचं गणित खरं आहे.)

जूनमधली रात्र, १०.००. धाराशिव जिल्ह्यातलं वाशी. गाडी दारात उभी आहे. मागच्या डाव्या चाकाच्या वाल्वमधून हवा झिरपते आहे. दरवाजाच्या कडेचं स्टिकर ३३ पीएसआय सांगतं. आत २४ उरली आहे. रेडियल टायर खाली थोडा फुगीर दिसतोच, त्यामुळे नुसत्या नजरेला फरक कळत नाही.

सकाळी ६.००. हवा मोजायची वेळ हीच. थंड टायरच खरा आकडा सांगतो. कुणी मोजत नाही. फायरस्टोन कंपनीच्या टायरांनी बळी घेतल्यावर अमेरिकेने २००० मध्ये कायदा केला. त्यामुळे तिथल्या नव्या गाड्यांत हवा पाव हिश्शाने घटली की दिवा पेटतो. या गाडीत तो दिवा नाही.

दुपारी २.००. पाच माणसं, डिकीभर सामान. प्रवास संभाजीनगरचा.

२.३०, पारगाव टोलनाका. टायर किलोमीटरमागे पाचशेवर फेरे घेतो. हवा कमी, म्हणून दर फेऱ्याला त्याची बाजू जास्त दबते आणि तापते. गाडी मागून जड वाटते. चालक म्हणतो, ओझं झालंय.

३.००, चौसाळा. चहा होतो. त्या टायरला हात लावला तर चटका बसेल. उष्णतेने आतला दाब २८ वर चढलाय, बाकीच्यांचा ३७ वर. आता मोजलं तरी तूट कमीच वाटेल.

३.३०, मांजरसुंब्याच्या अलीकडे. वळवाची सर. वेगाचा काटा ९५ वर. टायरच्या नक्षीत मावणार नाही इतकं पाणी रस्त्यावर साचलं, तर चाक कोणत्या वेगाला तरंगेल हे हवेचा दाब ठरवतो. नासाच्या सूत्राने ३७ पीएसआयला ताशी सुमारे १०१ किलोमीटर, २८ ला ८८. तीन चाकांनी रस्ता धरलाय, चौथ्याने सोडलाय.

३.३१. पुढे ट्रक. ब्रेक, स्टिअरिंग उजवीकडे. ब्रेकने गाडीचा भार पुढे सरकतो, आणि वळताना मागची बाजू धरायचं काम मुख्यतः डाव्या मागच्या चाकावर येतं. मागची बाजू डावीकडे सुटते, तोंड उजवीकडे फिरतं, गाडी दुभाजकावर आदळते.

सर कुणाच्या हातात नव्हती, हवा होती. महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी चारही टायर, स्टेपनीसुद्धा, गाडी थंड असताना तपासा. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर बदला. मागच्या सीटवरची लेकरं आपल्या भरवशावर बसलेली असतात.