वार

माझी आजी चिरनेरची सुईण. मूल बाहेर आलं की ती आधी बाळंतिणीकडे बघायची, मग वारेकडे. वार परातीत पसरायची, बोटांनी चाचपायची, एखादा तुकडा आत राहिला नाही ना याची खात्री करायची. मग न्हाणीमागे खड्डा खणून ती पुरायची आणि वर दगड ठेवायची. कुत्र्यानं उकरता कामा नये, एवढा त्या मांसाच्या गोळ्याचा मान.

तिचा एक नियम मात्र मला नोकरीभर छळत राहिला. पोटुशी पोरीला ती सांगायची, "जास्ती खाव नको गो, प्वार मोठा झाला त आरंल." ती निर्दय नव्हती. अडलेली बाई तिनं डोळ्यांदेखत जाताना पाहिली होती आणि तेव्हा पनवेलपर्यंत बैलगाडीशिवाय सोय नव्हती. लहान मूल म्हणजे जिवंत आई, हा तिचा हिशेब. पुढे मी आरोग्यसेविका झाले. झोळीचा काटा घेऊन घरोघरी फिरताना तो हिशेब किलोत दिसायचा: दोन, सव्वादोन. अडीचच्या वर काटा गेला की मला हायसं वाटायचं.

आजीनं पहिलं बाळंतपण केलं ते साल तिला कॅलेंडरवरून नव्हे, गोळीबारावरून आठवायचं. 25 सप्टेंबर 1930. अक्कादेवीच्या डोंगरावर जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, नाग्या महादू कातकरी आणि त्याचे सोबती पडले. तेव्हा आमचा भाग पनवेलकडे मोडायचा, आता उरण तालुक्यात आहे. इतिहास त्या दिवसाबद्दल लाकूडफाट्याच्या हक्कांचं बोलतो, ते बरोबरच आहे. पण आमच्या बायकांसाठी त्याच डोंगरात पावसाळ्याची भाजीही होती: शेवळं, भारंगी, कुर्डू, टाकळा, कवळा. भात संपत आलेला असायचा, तेव्हा हीच हिरवळ टोपात पडायची.

आणि त्याच सुमारास खाडीपलीकडे, मुंबईत, ल्युसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर गिरणीकामगार गरोदर बायकांचं रक्त तपासत होती. त्यांचा पंडुरोग लोहानं बरा होत नव्हता, यीस्टच्या अर्कानं, म्हणजे मार्माइटनं, होत होता. 1931 मध्ये तिनं ते छापलं. 1941 मध्ये पालकाच्या पानांतून तो घटक वेगळा काढला गेला आणि पानावरूनच त्याचं नाव पडलं: फोलिक ॲसिड. लोहाच्या गोळीबरोबर मी ते वर्षानुवर्षं वाटलं. मुंबईच्या बायकांच्या रक्तातून आलेलं ते ज्ञान आहे, हे मला नोकरीच्या शेवटी शेवटी कळलं. लाज वाटली.

वारेचं खरं काम कळलं तेव्हा मात्र आजीची फार आठवण आली. वार ही नुसती गाळणी नव्हे, ती ग्रंथी आहे. ती स्वतःचे हार्मोन आईच्या रक्तात सोडते. त्यांतलं प्लॅसेंटल लॅक्टोजेन 1962 मध्ये ओळखलं गेलं. या हार्मोनांमुळे आईचं शरीर इन्सुलिनला पूर्वीसारखं दाद देत नाही, साखर तिच्या रक्तात जास्त वेळ राहते आणि बाळाच्या वाट्याला येते. आईचं इन्सुलिन वार ओलांडत नाही, साखर ओलांडते. बाळ मग स्वतःचं इन्सुलिन तयार करतं आणि पोटातल्या वाढीचं तेच मोठं हार्मोन. म्हणजे आई उपाशी राहिली तरी वार मागणी करायची थांबत नाही. ती आईच्या अंगातून काढून घेते, आणि अंगात काही नसेल तर बाळ बारीक राहतं.

पुण्याजवळच्या सहा खेड्यांत 1993 पासून केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे मोजायला घेतलं. आयांचं वजन गरोदर होण्याआधी 42 किलोच्या आसपास, बाळं सरासरी 2.7 किलोच्या आतबाहेर. पोटभर भाकरीपेक्षा पालेभाज्या, फळं, दूध खाणाऱ्या आयांची बाळं भरलेली निघाली. ते वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले. आणखी एक गोष्ट निघाली, ती काळजात रुतली. ही बाळं इंग्लंडच्या बाळांपेक्षा हलकी, हातपाय काटकुळे, पण कातडीखालची चरबी टिकून. पुणे शहरातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात तर इन्सुलिन उलट जास्त निघालं. पुढच्या मधुमेहाची तयारी जन्माआधीच. आजीनं ज्यांना लहान ठेवलं, त्यांतले कितीतरी आज माझ्या गल्लीत साखरेच्या गोळ्या घेतात.

पुढे मुंबईच्या झोपडपट्ट्यांत 2006 पासून 'सरस' प्रकल्प झाला. पालेभाजी, फळं, दूध घातलेला खाऊ रोज बायकांना दिला. सगळ्यांची मिळून सरासरी काढली तर वजनात फारसा फरक नव्हता. पण गरोदर होण्याच्या किमान तीन महिने आधीपासून ज्या तो खात होत्या, त्यांची बाळं सुमारे 48 ग्रॅमनं भारी भरली, आणि खाऊ मिळालेल्यांत गरोदरपणातला मधुमेहही कमी दिसला. अठ्ठेचाळीस ग्रॅम म्हणजे काट्यावरची बारीकशी रेघ. माझ्यासारखीला ती दिसते. आम्ही मात्र पोट दिसायला लागल्यावर घरी जात होतो.

यंदा पहिल्या पावसानंतर कातकरीण कुर्डू-माठाच्या जुड्या घेऊन दाराशी आली. मी दोन घेतल्या आणि शेजारी वैशाखात लग्न होऊन आलेल्या सुनेला नेऊन दिल्या. ती लाजली. म्हणाली, "काकी, अजून काही नाही हो."

"म्हणूनच आणल्यात," मी म्हटलं, आणि निवडायला तिच्याजवळ बसले.