टकळीची बाजू : प्राचीन इंग्रजीतील वस्त्रविषयक शब्द

वेसेक्सचा राजा आल्फ्रेड याचे मृत्युपत्र नवव्या शतकाच्या उत्तरार्धातील आहे. आपल्या आजोबांनी भूमीचा वारसा ‘भाल्याच्या बाजू’ला दिला होता, ‘टकळीच्या बाजू’ला नव्हे, असे त्यात तो नमूद करतो. भाल्याची बाजू म्हणजे पुरुषशाखा आणि टकळीची बाजू म्हणजे स्त्रीशाखा. वारसाहक्काच्या काटेकोर भाषेतही वंशाच्या दोन शाखा हातातील साधनांवरून ओळखल्या जाव्यात, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. पुरुषाची ओळख शस्त्राने पटत होती आणि स्त्रीची सूत कातण्याने. पुढे इंग्रजीत टकळीची जागा ‘डिस्टाफ’ने, म्हणजे कातावयाचा पेळू गुंडाळून ठेवण्याच्या काठीने घेतली. आईकडील शाखेला ‘डिस्टाफची बाजू’ म्हणण्याचा प्रघात इंग्रजीतून अद्याप पुसला गेलेला नाही.

अँग्लो-सॅक्सन समाजात वस्त्रनिर्मिती हे प्रामुख्याने स्त्रियांचे क्षेत्र होते, याला भूगर्भातील साक्षही मिळते. सफोकमधील वेस्ट स्टो येथील उत्खननात मागाची मातीची वजने सापडली आहेत. हा माग उभा असे. ताण्याचे धागे वरच्या दांडीवरून खाली सोडून त्यांना ही वजने बांधीत, म्हणजे धागे ताठ राहत. केंटमधील काही संपन्न स्त्रियांच्या थडग्यांत तलवारीच्या आकाराची लोखंडी पट्टी आढळली आहे. ती युद्धाची नसून बाण्याचे धागे ठोकून घट्ट बसविण्याची आहे. योद्ध्याबरोबर तलवार पुरावी, तशी गृहस्वामिनीबरोबर ही पट्टी पुरली जाई.

मागाला इंग्रजीत ‘लूम’ म्हणतात. प्राचीन इंग्रजीतील ‘गेलोमा’ या मूळ शब्दाचा अर्थ मात्र नुसताच ‘साधन’ किंवा ‘उपकरण’ असा होता. सगळ्या अवजारांचे सामान्य नाव अखेर एकट्या मागाकडे आले. जुना व्यापक अर्थ ‘एअरलूम’ या शब्दात टिकून आहे : पिढ्यान्‌पिढ्या वारशाने चालत आलेली वस्तू. ‘रेआफ’ हा शब्द तर अधिकच बोलका आहे. त्याचा एक अर्थ ‘वस्त्र’ आणि दुसरा ‘लूट’. एका अंगरख्यामागे कातणाऱ्या व विणणाऱ्या हातांचे दीर्घ श्रम असत, आणि म्हणूनच पराभूताच्या अंगावरचे कपडे ही विजेत्याच्या दृष्टीने मोलाची चीज होती.

अशा शब्दांचा मागोवा घेताना मोहही आवरावा लागतो. ‘वाइफ’ म्हणजे ‘विणणारी’ ही व्युत्पत्ती जॉन रस्किनसारख्या लेखकालाही भावली होती; परंतु भाषाशास्त्र तिला दुजोरा देत नाही. याउलट, विणणे या अर्थाच्या ‘वेफान’ या क्रियापदाचे नाते थेट संस्कृतपर्यंत पोहोचते. कोळ्याला वैदिक वाङ्मयात ‘ऊर्णवाभि’, म्हणजे लोकर विणणारा म्हटले आहे. त्यातील ‘वाभि’ आणि इंग्रजी ‘वेब’ ही एकाच धातूची अपत्ये होत. इंग्रजी ‘स्पायडर’ मात्र कातणे या अर्थाच्या धातूपासून आला. कोळ्याच्या ठायी एका भाषेला विणकर दिसला, तर दुसरीला सूतकताई करणारा.

स्त्रियांच्या श्रमाची सर्वांत स्पष्ट खूण एका प्रत्ययात सापडते. कर्तृवाचक ‘एस्त्रे’ हा प्रत्यय मूलतः स्त्रीलिंगी होता. ‘वेबेस्त्रे’ म्हणजे विणणारी, ‘सेआमेस्त्रे’ म्हणजे शिवणारी. त्यांतूनच ‘वेबस्टर’ व ‘सीमस्टर’ हे शब्द आले. सूत कातणारीचा वाचक ‘स्पिन्स्टर’ हा त्याच घडणीचा शब्द चौदाव्या शतकातील लेखनात आढळतो.

मध्यंतरी व्यवसायाचे रूप पालटले होते. पायपट्ट्यांचा आडवा माग आला, विणकामाला बाजारपेठ लाभली आणि ते विणकरसंघांच्या हाती गेले. लंडनच्या विणकरसंघाला दुसऱ्या हेन्रीने 1155 मध्ये सनद दिली. हे संघ प्रामुख्याने पुरुषांचे होते. परिणामी ‘वेबस्टर’ शब्दातील स्त्रीत्व ओसरले आणि तो पुरुषांनाही लागू होऊन आडनाव बनला. ‘सीमस्टर’मधील स्त्रीत्वही इतके पुसले गेले, की शिवणाऱ्या स्त्रीसाठी आणखी एक स्त्रीलिंगी प्रत्यय जोडून ‘सीमस्ट्रेस’ हा शब्द घडवावा लागला.

कताई मात्र स्त्रियांकडेच राहिली. तिला संघ नव्हता, सनद नव्हती. लँगलंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’ या काव्यात मूर्तिमंत लोभ आपल्या विणकर पत्नीची कथा सांगतो. ती सूत कातून घेताना खोटे वजन वापरून कातणाऱ्या बायांना फसवीत असे. रूपकाच्या आडून आलेला हा तपशील कातणारीचे आर्थिक स्थान नेमके दाखवितो. कित्येक अविवाहित स्त्रियांची उपजीविका या कामावर चाले. न्यायालयीन कागदपत्रांत स्त्रीच्या नावापुढे तिचा धंदा म्हणून ‘स्पिन्स्टर’ लिहिले जाई. सतराव्या शतकात तीच अविवाहित स्त्रीची कायदेशीर संज्ञा ठरली आणि पुढे तिला उपहासाची छटा चिकटली. पोट भरणाऱ्या कौशल्याचे नाव अखेर पतीच्या अभावाचे नाव झाले.

मराठीतील कोष्टी, शिंपी, रंगारी यांप्रमाणे इंग्रजीतही वस्त्रव्यवसायाची आडनावे विपुल आहेत. विणलेले लोकरी कापड तुडवून दाट करणारा तो ‘वॉकर’. प्रदेशपरत्वे तोच ‘फुलर’ किंवा ‘टकर’. 1828 मध्ये अमेरिकन इंग्रजीचा महाकोश प्रसिद्ध करणारे नोआ वेबस्टर यांचे आडनावही याच परंपरेतले. त्याचा मूळ अर्थ ‘विणणारी स्त्री’.

इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदणीतून ‘स्पिन्स्टर’ ही संज्ञा 2005 च्या अखेरीस वगळण्यात आली. एका अवमानकारक शिक्क्यातून स्त्रियांची सुटका झाली, हे योग्यच झाले. मात्र ज्या असंख्य स्त्रियांनी शतकानुशतके इंग्लंडला वस्त्र पुरविले, त्यांतील फारच थोड्यांची नावे इतिहासाने नोंदविली आहेत. त्यांच्या कसबाची नोंद मुख्यतः या शब्दांतच उरली असून, कोशाबाहेर ती वाचणारे आता थोडे आहेत.