रूप आपले, रेटा परका

मामांच्या पत्र्याच्या ट्रंकेत अंगठ्याएवढी ॲल्युमिनियमची एक नळकांडी सापडली. मामा व्यापारी जहाजावर इंजिनिअर होते, इंग्लंडच्या बंदरांतून काहीबाही आणत. नळकांडीच्या तोंडाला बारीक छिद्राचे झाकण, ते दाबून धरणारी स्प्रिंग आणि आत काळवंडलेली तारेची जाळी. ही 'जेटेक्स ५०' आहे, एवढे कळायला मला महिना लागला. आणि तिच्यापायी जेट विमानाची उडती प्रतिकृती करण्यात पुढचे वर्ष गेले.

पहिले जेट विमान, जर्मनीचे हाइन्केल १७८, ऑगस्ट १९३९मध्ये उडाले. प्रतिकृती करणाऱ्यांपुढे मात्र निराळाच पेच उभा राहिला. प्रोपेलरच्या छोट्या विमानाला पिळलेले रबर पुरत असे. जेटच्या नाकावर प्रोपेलर लावला तर ते उडते, पण जेट राहत नाही. नाही लावला तर जेट दिसते, पण उडत नाही. महायुद्धानंतर अमेरिकेत पल्सजेट इंजिने निघाली, पण त्यांचा आवाज कानठळ्या बसवणारा आणि आग मोठी. तळहातावरच्या बाल्साच्या विमानाला ती काय कामाची?

१९४८मध्ये इंग्लंडमधील साउदॅम्प्टन परिसरातल्या विल्मट मॅन्सूर कंपनीने जेटेक्स बाजारात आणले. ग्वानिडीन नायट्रेटची घट्ट दाबलेली वडी नळकांडीत ठेवायची, वातीने पेटवायची. वडी हळूहळू जळते आणि तिचा वायू छिद्रातून जोरात मागे जातो. आतला दाब बेताबाहेर गेला तर स्प्रिंग झाकणाला उचलू देते. खरे तर हे जेट नव्हे, चिमुकले रॉकेटच. कारण ते बाहेरची हवा आत घेत नाही. पण प्रोपेलरची अडचण त्याने संपवली.

जेटेक्स ५०चा रेटा सुमारे १४ ग्रॅम आणि तोही दहा-पंधरा सेकंदच. एवढ्यात काय उडेल? मी हॉकर हंटर निवडले. १९५७पासून आपल्या हवाई दलात आलेले आणि १९७१च्या लोंगेवालाच्या लढाईत नाव कमावलेले हे विमान. त्याच्या पंखांचा विस्तार १०.२६ मीटर. चाळिसाव्या हिश्शाने तो साडेपंचवीस सेंटिमीटर होतो. लांबी चाळीसपट घटली की क्षेत्रफळ सोळाशेपट घटते आणि वजन चौसष्ट हजारपट. आठ टनांच्या हंटरचे वजन या हिशेबाने सव्वाशे ग्रॅम येते. १४ ग्रॅम रेट्याला ते झेपणारे नाही. मला तीस ग्रॅमच्या आत राहायचे होते, म्हणजे मूळ विमानापेक्षाही प्रमाणाने चौपट हलके.

म्हणून बाल्साच्या पातळ फळ्यांचा सांगाडा, त्यावर टिश्यू कागद आणि पातळ डोपचा एकच हात. नळकांडी शेपटीत बसवता येत नाही. विमान मागे झुकते. ती पोटाखाली, गुरुत्वमध्यापाशी खोबणीत बसवावी लागते, म्हणजे वडी जळून हलकी झाली तरी तोल ढळत नाही. शेपटीचे आडवे पंखही मी मुळापेक्षा थोडे मोठे केले. इतक्या लहान आकारात हवा ते पुरेसे मानत नाही. ज्याला रूपाची हुबेहूब नक्कल हवी, त्याने काचेच्या कपाटातले विमान करावे.

विमान झाले, वडी कुठून आणायची? जेटेक्सच्या वड्या केव्हाच बंद झाल्या. चेक प्रजासत्ताकात पुढे 'रॅपिअर' नावाची तशीच इंजिने निघाली, पण ज्वालाग्राही माल टपालाने येत नाही. एका मित्राने दिवाळीच्या बाणातली दारू भरण्याचा सल्ला दिला. ती झपाट्याने जळते. बंद धातूत भरली तर तो बाँबच. तो नाद मी सोडला.

याच सुमारास मी एचएफ-२४ मारुतचा इतिहास वाचत होतो. कुर्ट टँक यांच्या मार्गदर्शनाखाली बंगळुरूला आखलेल्या या लढाऊ जेटचे आधी पूर्ण आकाराचे लाकडी ग्लायडर बांधले गेले. १९५९मध्ये डकोटाने ओढून ते आकाशात नेले आणि इंजिनाशिवाय उडवून आराखडा पारखला. १७ जून १९६१ रोजी सुरंजन दास यांनी खरे मारुत उडवले. उद्दिष्ट होते ध्वनीच्या दुप्पट वेगाचे. पण आराखडा ज्या अधिक ताकदीच्या ऑर्फियस इंजिनाच्या भरवशावर केला, त्याचा विकास ब्रिटनमध्ये पुरा झाला नाही. कमी ताकदीची दोन इंजिने बसवावी लागली आणि मारुत ध्वनीच्या वेगाच्या आसपासच अडकले. सांगाड्यात खोट नव्हती. खोट होती रेट्याची, आणि रेटा दुसऱ्याच्या हाती होता.

मारुतची आणि माझ्या खेळण्याची बरोबरी होऊ शकत नाही, हे मी जाणतो. पण हंटर हातात धरून बसलो असताना त्या लाकडी ग्लायडरचे मोल मला कळले. रेटा नसला तरी आपल्या हातचे जेवढे आहे, तेवढे तरी तपासून घ्यावे.

मी रिकामी नळकांडी खोबणीत बसवली, रबराच्या गलोलीने हंटर सोडले. पहिल्यांदा ते नाकावर आपटले. शेपटी कणभर वाकवून पुन्हा सोडले. ते सरळ, निःशब्द गेले आणि मैदानाच्या गवतात अलगद टेकले. जेमतेम सहा सेकंद. मामांची नळकांडी अजून त्याच्या पोटाशी आहे, वडीची वाट पाहत.