छापलेल्या तारांचं कूळ

मे महिन्यात घरी सर्किट बोर्ड करायचा तर आम्हाला पाणी तापवावं लागत नाही. सोलापूरचं ऊन पुरतं. फेरिक क्लोराइडच्या द्रावणाचा प्लॅस्टिकचा ट्रे थोडा वेळ गच्चीवर ठेवला की ते चांगलं गरम होतं आणि तांबं भराभर खातं. तांब्याचा थर असतो जेमतेम ३५ मायक्रॉनचा. ट्रे हलवत राहायचं. आधी कडा उघड्या पडतात, मग मधला भाग, आणि शेवटी फिकट पाटीवर काळ्या रेघा तेवढ्या उरतात.

त्या रेघा झेरॉक्सच्या दुकानातून येतात. गुळगुळीत कागदावर लेझर प्रिंटरने काढलेला नकाशा तांब्यावर पालथा घालून गरम इस्त्री दाबायची. टोनर वितळून चिकटतो. कागद भिजवून बोटांनी चोळून काढला की टोनरखालचं तांबं सुरक्षित. मात्र नकाशा आरशातल्यासारखा उलटा छापून आणावा लागतो. माझा पहिला बोर्ड त्यातच वाया गेला. आयसीच्या पायांचा क्रमच उलटा झाला.

छापखान्यातल्या जुळाऱ्याकडून ही चूक झाली नसती. उलटे खिळे वाचण्यात त्याचा जन्म जायचा. आणि सर्किट बोर्डाचं कूळ छापखान्याचंच आहे. पूर्वी वर्तमानपत्रातले फोटो ज्या जस्ताच्या ब्लॉकवरून छापत, तोही असाच व्हायचा: राखायचं ते झाकायचं, बाकीचं आम्लाला द्यायचं. त्याच्या कितीतरी आधी युरोपातले चित्रकार तांब्याच्या पत्र्यावर मेणाचा थर देऊन हेच करत.

ही विद्या रेडिओत आणली पॉल आयस्लरने. व्हिएन्नाचा हा ज्यू अभियंता १९३६ साली लंडनला आला. तेव्हा रेडिओच्या पोटात तारांचं जंजाळ असे आणि कारखान्यात बायका एकेक टोक हाताने जोडत. आयस्लरने व्हिएन्नात छपाईचं काम जवळून पाहिलं होतं. तारा जोडण्यापेक्षा छापाव्यात, असं त्याच्या मनाने घेतलं आणि भाड्याच्या खोलीत राहून त्याने तसा रेडिओ केला. कारखानदारांना तो पटला नाही. बायकांची मजुरी त्यांना स्वस्त पडत होती. पेटंटसाठी अर्ज झाला १९४३ साली. पुढे युद्धात अमेरिकेने तोफगोळ्यांच्या फ्यूजमध्ये छापील सर्किटं वापरली, तेव्हा जगाला त्यांची किंमत कळली.

जॅकार्डच्या पुठ्ठ्यांवर भोकं पाडून चादरीची नक्षी मागावर चढवणाऱ्या आमच्या गावाला यातली युक्ती लगेच उमगावी. आराखडा एकदा नीट बसवला की तोच पुन्हा पुन्हा उतरतो. म्हणूनच घरच्या बोर्डाला कारखान्याची नक्कल म्हटलेलं मला पटत नाही. त्याचा मूळपुरुष भाड्याच्या खोलीतच घडला.

करून पाहणार असाल तर हातमोजे घाला. वापरलेल्या द्रावणात तांबं उतरलेलं असतं, ते मोरीत ओतू नका. प्लॅस्टिकच्या बाटलीत घट्ट झाकून ठेवा, त्यात आणखी बोर्ड निघतात. आणि कागद हातात आला की अक्षरं उलटी आहेत ना, हे दुकानातच पाहून घ्या.