इंग्रजीतले ‘ॲज इफ’ आणि मराठीतले ‘जणू’

जे वास्तवात नाही, त्याच्याशी तुलना करण्यासाठी इंग्रजीत ‘ॲज इफ’ किंवा ‘ॲज दो’ने सुरू होणारे उपवाक्य वापरतात. दोन्हींचा अर्थ एकच. ‘ॲज दो’ किंचित अधिक लेखी वळणाचे वाटते, इतकाच फरक. मराठीत हे काम ‘जणू’, ‘जणू काही’ आणि ‘-सारखा’ करतात. मराठी माणसाची इंग्रजी वाक्ये अडखळतात ती शब्द न सापडल्यामुळे नव्हे, तर क्रियापदाच्या काळामुळे.

‘तो जणू मालक आहे अशा थाटात बोलतो’ या वाक्यात ‘आहे’ हा साधा वर्तमानकाळ आहे. तो मालक नाही, हे ‘जणू’ या एका शब्दातून कळते. क्रियापदाला त्यासाठी वेगळे रूप घ्यावे लागत नाही. इंग्रजीत मात्र हा भार बहुतांशी क्रियापदावर असतो. ‘ही टॉक्स ॲज इफ ही वेअर द ओनर’ यातील ‘वेअर’ काळ दाखवीत नाही, अवास्तवता दाखवते. एकवचनी ‘ही’ला ‘वेअर’ लागते ते याच कारणाने. बोलण्यात ‘वॉज’ सर्रास चालते; औपचारिक लेखनात ‘वेअर’च शोभते. इतर क्रियापदांना असे वेगळे रूप उरलेले नाही, तेथे साधा भूतकाळच ते काम करतो.

अशी रचना मराठीला अगदीच परकी मात्र नाही. ‘मी तिथे असतो तर सांगितले असते’ या वाक्यात आपणही अवास्तवता क्रियापदातूनच व्यक्त करतो. ‘ॲज इफ’च्या पोटात हेच ‘असता तर’ दडलेले आहे: तो मालक असता तर जसा बोलला असता, तसा बोलतो. मधले शब्द इंग्रजीने गाळले, ‘ॲज’ आणि ‘इफ’ तेवढे शेजारी उरले. कोणते रूप वापरावे असा संभ्रम पडला की वाक्य मनात असे उलगडून पाहावे.

मुख्य क्रियापद भूतकाळात गेले तरी उपवाक्य आणखी मागे सरकत नाही, हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे. ‘ही टॉक्ड ॲज इफ ही वेअर द ओनर’ हेच बरोबर. तेथे ‘हॅड बीन’ घातले तर तो पूर्वी कधीतरी मालक असल्यासारखा बोलला, असा अर्थ होतो. कल्पिलेली गोष्ट बोलण्याच्या आधीची असेल तरच ‘हॅड’ योग्य: ‘ही स्पोक ॲज इफ ही हॅड रेड द रिपोर्ट’, म्हणजे अहवाल वाचल्यासारखा तो बोलला.

वर्तमानकाळ येथे वर्ज्य आहे, असे मात्र नव्हे. ‘इट लुक्स ॲज इफ इट इज गोइंग टू रेन’ यात पाऊस खरोखर येण्याची चिन्हे आहेत. येथे ‘वेअर’ घालणे विचित्र ठरेल. वर्तमानकाळ शक्यतेचे दार उघडे ठेवतो, भूतकाळी रूप ते बहुधा बंद करते. आजच्या इंग्रजीत, विशेषतः बोलण्यात, ही सीमा काटेकोर पाळली जात नाही हेही खरे.

कार्यालयीन पत्रात मात्र हा भेद महागात पडू शकतो. एखाद्या कंत्राटदाराविषयी ‘ही ॲक्ट्स ॲज इफ ही हॅज द अथॉरिटी टू साइन’ असे लिहिले, तर त्याला स्वाक्षरीचा अधिकार आहे की नाही, हे वाचणाऱ्याला कळत नाही. कदाचित असेलही, असे तो धरून चालतो. ‘हॅज’च्या जागी ‘हॅड’ आले की नकार सूचित होतो. पण मुख्य क्रियापद ‘ॲक्टेड’ असे भूतकाळी असेल तर ‘हॅड’ एकटे पुरेसे नाही, कारण तेथे भूतकाळ आणि अवास्तवता यांचे रूप सारखेच दिसते. तक्रार, मूल्यमापन किंवा करारविषयक पत्रव्यवहार असेल तर ‘त्याला तसा अधिकार नव्हता’ हे स्वतंत्र वाक्यात लिहावे. व्याकरणाच्या सूचकतेवर इतका विसंबून राहणारा मसुदा तसाही कच्चाच.

‘ॲज इफ’ऐवजी नुसते ‘लाइक’ अमेरिकेत सतत कानी पडते: ‘ही टॉक्स लाइक ही ओन्स द प्लेस’. बोलण्यात त्याला कोणी हरकत घेत नाही, औपचारिक लेखनात ते टाळलेले बरे. आणि कोणी तुमच्या प्रस्तावावर नुसतेच ‘ॲज इफ!’ म्हणाले, तर पुढच्या उपवाक्याची वाट पाहू नये; मराठीत त्याला ‘काहीतरीच काय!’ म्हणतात.